परिदंत (दाताभोवतालच्या) ऊतींमधली कोलॅजनची उलाढाल
दाताचं मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेलं नसतं, मधे साधारण ०.१५ ते ०.३८ मिमी जाडीचा पेरिओडोंटल लिगामेंट (दाताला धरून ठेवणारा पट्टा) असतो, आणि त्यातले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू (बहुतेक टाइप १, थोडं टाइप ३) एकीकडे सिमेंटममध्ये, म्हणजे मुळावरच्या कठीण थरात, तर दुसरीकडे हाडात रुतलेले असतात. रुतलेली टोकं म्हणजे शार्पीचे तंतू. हे कोलॅजन सतत मोडलं जातं आणि नवीन तयार होतं, त्यालाच इथे उलाढाल म्हटलंय.

वेग. उंदरांना किरणोत्सारी प्रोलिन (कोलॅजनमधलं एक अमिनो आम्ल) टोचून सोडेक यांनी १९७७ मध्ये केलेलं मोजमाप आजही बहुतेक पाठ्यपुस्तकांत दिसतं. त्यात लिगामेंटमधल्या पक्व कोलॅजनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायला लागणारा काळ, जेमतेम १ दिवस निघालं, त्वचेचं मात्र सुमारे १५ दिवस, हिरडी आणि जबड्याच्या हाडाचं या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी. आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण मोडलेल्या कोलॅजनमधलं प्रोलिन पेशी परत वापरतात आणि त्यामुळे अर्धायुष्य आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, शिवाय उंदराचा हिशोब माणसाला सरसकट लावता येत नाही. पण लिगामेंटचा वेग सगळ्यात जास्त, याबद्दल फारसं दुमत नाही.

उलाढाल नेमकी कुठे होते? जुना वाद इथलाच. व्हिएन्नाचे हॅरी सिशर यांनी १९२० च्या दशकात, गिनीपिगच्या आयुष्यभर वाढणाऱ्या दाढांवरून, असं मांडलं की हाडाकडून आणि दाताकडून आलेले तंतू मधोमध एका जाळ्यात गुंफलेले असतात आणि दात वर सरकताना बदल फक्त त्या मधल्या पट्ट्यात होतो. कल्पना सुटसुटीत होती म्हणून बरीच वर्षं टिकली. पण पुढे १९६० च्या दशकापासून ऑटोरेडिओग्राफीत (किरणोत्सारी पदार्थ ऊतीत कुठे आहे ते फिल्मवर उमटवण्याच्या पद्धतीत) खुणा केलेलं प्रोलिन लिगामेंटच्या सगळ्या रुंदीत पसरलेलं दिसलं, आणि वाढ थांबलेल्या दातांत तर ते मधलं जाळं म्हणजे एकमेकांना छेदून जाणारे तंतू आडवे कापले गेल्याने होणारा भास असावा असं मत पुढे आलं. कृंतकांच्या (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) पुढच्या दातांत दाताकडचा भाग दाताबरोबर सरकतो, त्यामुळे तिथे कुठलीतरी घसरण-सीमा मानावीच लागते. तेवढ्यापुरता सिशर यांचा मुद्दा उरतो. माणसाच्या दाढेसाठी मात्र पूर्ण रुंदीचा पक्षच जास्त पटण्यासारखा आहे.

कोलॅजन मोडतं कसं? ग्रॉस आणि लापिएर यांना १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या झडत्या शेपटीत कोलॅजनेज हे कोलॅजन कापणारं एन्झाइम सापडलं, तेव्हापासून तंतू पेशीबाहेरच एन्झाइमने कापले जातात असं धरलं जायचं. १९७० च्या दशकात टोरोंटोचे टेन केट आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वेगळंच पाहिलं: फायब्रोब्लास्ट या तंतू विणणाऱ्या पेशींच्या आत, छोट्या पिशव्यांमध्ये, कोलॅजनचे तुकडे, आणि त्यांच्यावरचे सुमारे ६४ नॅनोमीटर अंतराचे पट्टे अजून शाबूत. म्हणजे जी पेशी तंतू विणते तीच जुना तंतू गिळून कॅथेप्सिनसारख्या एन्झाइमांनी पचवते. निरोगी लिगामेंटमध्ये हाच मार्ग मुख्य असावा. सूज आल्यावर, म्हणजे ज्याला आपण पायरिया म्हणतो त्यात, पेशीबाहेरची कोलॅजनेजं, खासकरून न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधून येणारं एमएमपी-८, जोर धरतात.

व्यवहारात. स्कर्व्हीत व्हिटॅमिन सी नसल्याने प्रोलिनचं हायड्रॉक्सिलेशन (कोलॅजनला मजबुती देणारा रासायनिक बदल) होत नाही, नवीन कोलॅजन कच्चं राहतं, जुनं मोडणं मात्र चालूच असतं, आणि उलाढाल इतकी वेगवान असल्याने दात लवकर हलायला लागतात. फेनिटॉइन, निफेडिपिन, सायक्लोस्पोरिन या औषधांनी काही रुग्णांच्या हिरड्या फुगतात त्यामागे फायब्रोब्लास्टचं कोलॅजन गिळणं मंदावणं हे एक कारण सांगतात. ब्रेसेस काढल्यावर रिटेनर का लावायचा तर लिगामेंटमधले तंतू काही महिन्यांत नव्याने बसतात, पण हाडाच्या कडेवरचे हिरडीतले तंतू फार हट्टी, संशोधक रायटान यांना कुत्र्यांमध्ये ते २३२ दिवसांनंतरही ताणलेलेच दिसले होते.

पायरियात दिवसातून दोनदा २० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात ते जंतू मारायला नाही, तेवढा डोस त्याला पुरतही नाही, ते कोलॅजनेज दाबण्यासाठी असतं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं होतं त्यातही कोलॅजन साचणं हाच प्रकार आहे, पण तो गालाच्या आतल्या अस्तराचा विषय.