फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा : जुन्या लॅपटॉपचा डिस्प्ले सारखा जात असेल तर

आमच्या ग्राहकांसाठी माहिती, इचलकरंजी

काम चालू असताना स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि कोपऱ्यात डिस्प्ले ड्रायव्हर (विंडोजकडून स्क्रीनचं काम करून घेणारा छोटा प्रोग्राम) बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा मेसेज झळकतो. कोरल ड्रॉमध्ये फ्लेक्सची मोठी फाइल उघडली की सगळं गोठतं. व्हिडिओ मोठा केला की निळी स्क्रीन येते. कधी रंगीत चौकटी दिसतात, कधी रेषा. पाच-सहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची ही तक्रार आमच्याकडे कायम येते, आणि त्यातले बरेच लॅपटॉप नुकताच फॉरमॅट मारून आणलेले असतात. "फॉरमॅट मारला, तरी तेच होतंय," असं सांगून ग्राहक मशीन काउंटरवर ठेवतात. तिथेच दुरुस्तीचे एक-दोन दिवस वाढलेले असतात.

म्हणून एकच विनंती आधी करतो, बाकीचं पत्रक सवडीने वाचलंत तरी चालेल. डिस्प्लेची तक्रार असेल तर मशीन आहे तसं आणा. फॉरमॅट मारू नका, कुणाला मारूही देऊ नका.

फॉरमॅटने काय जातं

निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोज नुसतं बंद पडत नाही. त्या क्षणी काय चाललं होतं याची एक छोटी फाइल ते सी ड्राइव्हवर, विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंप नावाच्या फोल्डरात लिहून ठेवतं. ती उघडली की कोणत्या ड्रायव्हरपाशी गाडी अडली ते दिसतं. अडकलेल्या फाइलचं नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर एनव्हिडिया, 'एटीआय'ने सुरू होत असेल तर एएमडी, 'आयजीडी'ने सुरू होत असेल तर इंटेल या कंपनीच्या ग्राफिक्स चिपचा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या चिपचा, तो ड्रायव्हर. शिवाय इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ड्रायव्हर पडल्याची प्रत्येक नोंद ४१०१ या क्रमांकाखाली तारीख-वेळेसह असते. त्या तारखा पाहिल्या की कळतं, त्रास अपडेट आल्याच्या दिवसापासून आहे, की ऊन वाढल्यापासून हळूहळू वाढत गेलाय. पहिल्या प्रकारात ड्रायव्हर बघायचा, दुसऱ्या प्रकारात मशीन उघडायचं. फॉरमॅट मारला की या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. मग मशीन पुन्हा आमच्यासमोर बंद पडेपर्यंत आम्हाला वाट बघावी लागते, आणि दोन दिवसांतून एकदा पडणारं मशीन दुकानात नेमकं पडत नाही.

दुसरं नुकसान ड्रायव्हरचं. कंपनीने मशीनसोबत दिलेले मूळ ड्रायव्हर बहुतेक वेळा त्याच डिस्कवर पडून असतात. एचपीमध्ये 'एसडब्ल्यूसेटअप' नावाचं फोल्डर असतं, लेनोवोत 'ड्रायव्हर्स'. २०११ ते २०१३ च्या सुमाराच्या ज्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एएमडी असे दोन ग्राफिक्स एकत्र चालतात, त्यांच्यासाठी दोन्ही एकत्र सांभाळणारा कंपनीचा जोडड्रायव्हरच लागतो. वेगवेगळे दोन टाकले तर एक दुसऱ्याला पाडतो. इतक्या जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळतीलच असं नाही. फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट आपल्या मनाने सर्वसाधारण ड्रायव्हर आणून बसवतं, आणि आधी आठवड्याला एकदा पडणारं मशीन रोज पडायला लागतं.

टॅलीचं लायसन्स पुन्हा सुरू करणं, मराठी फॉन्ट पुन्हा टाकणं, प्रिंटर पुन्हा जोडणं हा वेळ तुमचा जातो तो वेगळाच.

फॉरमॅट मारून झालाच असेल, तरी कधीकधी डिस्क न पुसता नुसतं नवं विंडोज टाकलेलं असतं. म्हणून सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का बघा. असेल तर ते काढू नका. जुन्या विंडोजमधलं बरंच काही त्यात सापडतं. पण ते थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून मशीन लगेच आणा.

फॉरमॅट कधीच लागत नाही असं आम्ही म्हणत नाही. विंडोजच बिघडलं असेल तर आम्हीही मारतो. पण सगळं तपासून झाल्यावर, तुमचा डेटा आणि जुने ड्रायव्हर बाजूला काढून.

तो मेसेज काय सांगतो

विंडोज व्हिस्टापासून एक सोय आहे. ग्राफिक्स चिपला दिलेल्या कामाचं उत्तर दोन सेकंदांत आलं नाही, तर विंडोज तिचा ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करतं. जमलं तर स्क्रीन काळी होऊन परत येते. जमलं नाही तर शेवटी ११६ आकडा किंवा 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं नाव असलेली निळी स्क्रीन येते. म्हणजे मेसेज एवढंच सांगतो की चिपने वेळेत उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, याची कारणं पाच : उष्णता, ड्रायव्हर, रॅम, अ‍ॅडॅप्टर (चार्जर) आणि खुद्द चिप. फॉरमॅटचा संबंध यातल्या फक्त एकाशी, ड्रायव्हरशी, येतो.

इंटरनेटवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ही दोन सेकंदांची मुदत दहा करायचा उपाय सांगतात. तासन्तास रेंडरिंग करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. तापलेल्या चिपला नाही. स्क्रीन तेवढी जास्त वेळ गोठून राहते.

आपल्या गावातलं पहिलं कारण

इचलकरंजीत घराखाली किंवा शेजारी माग असतोच. सुताचा बारीक कापूस हवेत उडतो, लॅपटॉपचा फॅन तो आत ओढतो आणि हिटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर त्याचं नमद्यासारखं जाड अस्तर बसतं. हे अस्तर फॅन आणि पात्यांच्या मध्ये असतं, त्यामुळे बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही. उलट आणखी आत दाबलं जातं, आणि फॅन हवेने वेडावाकडा फिरून त्याचं बेअरिंग जातं. फॅन खोलून ते चिमट्यानेच उचलावं लागतं. कारखान्याच्या ऑफिसात वापरायचा लॅपटॉप वर्षातून एकदा, शक्यतो मार्चच्या आत, उघडून साफ करून घ्या. आणून दिलात तर त्याच दिवशी परत मिळतो.

सोबत चिपवरची, उष्णता हिटसिंककडे पोचवणारी थर्मल पेस्ट बदलतो. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण दुसरीकडे सर्व्हिसिंग केलेल्या मशीनमध्ये ती वारंवार दिसते. ग्राफिक्सच्या मेमरी चिप्सवर पेस्ट नसते, मऊ थर्मल पॅड असतो, कारण तिथे हिटसिंक आणि चिपमध्ये फट असते. पॅड फाटला म्हणून त्या जागी पेस्ट लावली तर फट भरत नाही, मेमरी तापते आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात. आम्ही फट मोजून त्याच जाडीचा पॅड टाकतो. बिलात पॅडचे पैसे वेगळे दिसतात ते यासाठी.

नुसतं ब्राउझर उघडं असताना ग्राफिक्सचं तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास असावं, भरपूर कामात ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत गेलं तरी हरकत नाही. पंच्याण्णवच्या पुढे जात असेल तर आधी साफसफाई, मग बाकी सगळं. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम हे आकडे दाखवतो.

ड्रायव्हरबद्दल

'नवीन म्हणजे चांगला' हे जुन्या चिपला लागू नाही. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीला, म्हणजे ५२५एम, ५४०एम यांसारख्या चिप्सना, २०१८ नंतर नियमित नवा ड्रायव्हर नाही. एएमडीने २०२१ मध्ये जुन्या चिप्सच्या आणखी एका मोठ्या फळीचे नियमित नवे ड्रायव्हर बंद केले. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर बऱ्याच जणांनी जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून घेतलं. ते चालू होतं, पण इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या ग्राफिक्सला विंडोज ११ चा ड्रायव्हर इंटेलने काढलेलाच नाही. असं मशीन डिस्प्लेच्या तक्रारीने आलं तर विंडोजबद्दल आम्ही आधी विचारू.

फुकटात सगळे ड्रायव्हर अपडेट करून देणारे प्रोग्राम टाकू नका. त्यांनी भलताच ड्रायव्हर बसवलेला शोधण्यात आमचा वेळ जातो. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि तिथे 'रोल बॅक' चालू दिसत असेल तर दाबा. एवढं घरी करण्यासारखं आहे. मुळापासून ड्रायव्हर काढायचा असेल तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून), इंटरनेट बंद ठेवून काढावा लागतो. नाहीतर रीस्टार्ट होताच विंडोज जुनंच पुन्हा आणून ठेवतं.

घरी करून बघा

रेषा किंवा ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्येही रेषा असतील तर दोष ग्राफिक्स, मेमरी किंवा ड्रायव्हरचा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुधा पॅनेल (खुद्द पडदा) किंवा त्याची केबल. झाकण हलवल्यावर रेषा कमी-जास्त होत असतील तर केबलच, आणि ते काम स्वस्तातलं आहे. एचडीएमआयने टीव्हीला जोडून बघितलंत तरी हाच निवाडा लागतो. विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीच्या लोगोवरच रेषा असतील तर ड्रायव्हरवर वेळ घालवू नका, मशीन आणा.

फक्त क्रोममध्येच त्रास होत असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम या भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. विंडोज १० किंवा ११ मध्ये स्क्रीन अचानक गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी फाइल सेव्ह करायला संधी मिळते.

अ‍ॅडॅप्टर बदलला असेल तर मागचा वॅटचा आकडा बघा. नव्वद किंवा एकशेवीस वॅटच्या मशीनला पासष्टचा लोकल अ‍ॅडॅप्टर लावला की टॅली नीट चालतं आणि फोटोशॉप उघडलं की मशीन पडतं. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच वाटा घेते. म्हणून खराब रॅमसुद्धा डिस्प्लेचा दोष म्हणून दिसते. आम्ही मोठा खर्च सांगण्याआधी दुकानातली चांगली रॅम लावून बघतो.

आम्ही हीट का मारत नाही

हीट मारणं म्हणजे चिपला हीट गनने तापवणं. चिपच गेली आहे असं निघालं की बरेच जण विचारतात, "हीट मारून देता का? बाहेर कमी पैशांत करतात." मशीन सुरू होतं, हे खरं आहे. काही आठवडे, कधी काही महिने. पण चिपखालचे, तिला बोर्डाशी जोडणारे टाक्याचे बॉल सुटलेत म्हणून दोष आला, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. तुटलेलं असतं ते चिपच्या आत, सिलिकॉनचा तुकडा आणि त्याच्या हिरव्या पट्टीमधले सूक्ष्म टाके. गरम केल्यावर ते तात्पुरते टेकतात, थंड-गरम होत पुन्हा सुटतात. जुनीच चिप काढून रिबॉलिंग केलं, म्हणजे खालचे बॉल नवे बसवले, तरी आतला टाका तोच राहतो.

कारखान्यातून निघतानाच असा कमकुवतपणा आलेल्या चिप्सची उदाहरणं जगजाहीर आहेत. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या दोषासाठी पंधरा ते वीस कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. अ‍ॅपलने २०१५ मध्ये २०११ ते २०१३ दरम्यान विकलेल्या काही मॅकबुक प्रोंची ग्राफिक्सची दुरुस्ती मोफत करून दिली. ती मुदत केव्हाच संपली आहे. हीट गनने हा दोष जात नाही, आणि शिशाविरहित टाका वितळवायला सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यात शेजारचे भाग भाजून बोर्ड कायमचा जातो. नंतर नवी चिप बसवायची म्हटली तरी बोर्ड उपयोगाचा राहत नाही.

म्हणून आम्ही दोनच पर्याय देतो. नवी चिप मिळत असेल तर ती बसवतो आणि लेखी गॅरंटी देतो. नाहीतर, मशीनमध्ये इंटेलचं ग्राफिक्सही असेल आणि मॉडेलमध्ये तशी सोय असेल, तर वेगळी चिप बंद करून मशीन इंटेलवर चालवून देतो. टॅली, एक्सेल, जीएसटीचं काम, मुलांचा ऑनलाइन अभ्यास यांना ते पुरतं, आणि उरलेल्या पैशांत एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली तर मशीन पहिल्यापेक्षा चपळ वाटतं. अल्बम डिझाइन किंवा ऑटोकॅडवाल्यांना मात्र आम्ही स्पष्ट सांगतो की इतक्या जुन्या मशीनवर मोठा खर्च करू नका. आमच्याकडे तपासून ठेवलेले वापरलेले लॅपटॉप असतात, घेण्याआधी तुमची स्वतःची फाइल त्यावर उघडून बघा.

तपासणीचे पैसे

तपासणीची फी घेतो, दुरुस्ती केलीत तर ती बिलातून वजा होते. मशीन साफ करून, तापवून, रात्रभर चालू ठेवून बघावं लागतं. "लगेच बघून सांगा" म्हटलंत तर फक्त अंदाज मिळेल, आणि अंदाजावर मदरबोर्ड बदलायला आम्ही सांगत नाही.

येताना मशीनचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर आणा, दुसऱ्याचा नको. निळ्या स्क्रीनचा किंवा रेषांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ असेल तर फार मदत होते. त्या वेळी कोणता प्रोग्राम उघडा होता ते एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवा. महत्त्वाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घ्या. जमत नसेल तर सांगा, तुमच्यासमोर कॉपी करून देतो. पासवर्ड असेल तर तोही सांगून जा, नाहीतर नोंदी बघता येत नाहीत. सकाळी मशीन दिलंत तर रात्रीची चाचणी धरून दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर दोष आणि खर्च कळवतो. तुमचा होकार आल्याशिवाय आम्ही पुढचं काम सुरू करत नाही.