पर्यावरण रक्षण आणि शाश्वत विकास: गल्लत कुठे होते?

चार रोपं लावली, कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठचा कचरा उचलला की आपल्याकडे लगेच ‘शाश्वत विकास’ असा फलक लागतो. काम चांगलंच आहे, पण ते पर्यावरण रक्षण.

रक्षणाचा नमुना बघायचा तर कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूर अभयारण्य. १९५८ साली गव्यांसाठी ते जंगल राखलं गेलं. तिथे माणसाने हात आखडता घ्यायचा. शाश्वत विकासात माणसाला असं बाजूला ठेवता येत नाही. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रंटलंड आयोगाने शाश्वत विकासाबद्दल मांडलं ते असं: आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील इतकं शिल्लक ठेवा. या गरजांत गरिबांच्या गरजांना पहिला मान होता. फलक लावणारे नेमकं तेच विसरतात. गवा उभ्या पिकात शिरला आणि शेतकऱ्याला भरपाई मिळाली नाही, तर जंगल राखलं गेलं, न्याय नाही.

दोन्हींतला फरक खरा कळतो शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक झालेल्या रानांत. तिथे कुणी जंगल तोडलं नाही, जनावर मारलं नाही. ऊस हिरवागार होता. पण भारी काळी जमीन, पाण्यावर पाणी आणि निचरा नाही. जमिनीखालची पातळी चढत गेली, पाणी वाफ होऊन उडालं आणि क्षार वर राहिले. रक्षणाच्या फूटपट्टीने इथे बराच काळ काही चुकलेलं दिसत नाही. शाश्वततेच्या हिशेबात मात्र नातवाला सातबारा मिळतो, पीक नाही.

पंचगंगेचंही तसंच. जयंती नाल्यातून कोल्हापूर शहराचं सांडपाणी नदीत जातं आणि झळ बसते खालच्या इचलकरंजीला, शिरोळला. ज्याने घाण केली त्यानेच खर्च सोसायचा, आणि धोका पुरता सिद्ध व्हायची वाट न बघता आधीच आवरायचं, ही दोन तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग मानली.

क्षारपड रान सुधारतं. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून क्षाराचं पाणी बाहेर काढता येतं. पण ते नाल्यापर्यंत न्यायचं तर शेजाऱ्याच्या रानातूनच न्यावं लागतं. त्यामुळे एकट्याने पैसे घालून भागत नाही, सगळ्या शिवाराला एकत्र बसावं लागतं.