डॅशबोर्डवरचा जास्तीचा स्विच: थेट वायरीपासून कॉम्प्युटरपर्यंत

कुठल्याही गाडीचं बेस व्हेरिअंट घ्या, स्टिअरिंगच्या उजव्या हाताला गुडघ्याजवळ दोन-तीन डमी बटणं हमखास दिसतात. टॉप मॉडेलला तिथे फॉगलॅम्पचा स्विच असतो नाहीतर हेडलाईट वरखाली करायचं चाक, आपल्याला नुसतं काळं प्लास्टिक. डॅशबोर्डमधे काहीतरी करून घ्यायची हौस बऱ्याच जणांना तिथूनच लागते आणि मग लगेच पुढचा प्रश्न येतो की एक साधा स्विच लावणं एवढं किचकट का झालंय, पूर्वी तर कोपऱ्यावरचा वायरमन बोलता बोलता लावून द्यायचा. हे समजून घ्यायचं तर त्या बटणातून करंट किती आणि कसा जायचा हे जरा मागे जाऊन बघायला हवं.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांत स्विच फारसे नव्हतेच. फोर्डच्या मॉडेल टीला स्टिअरिंगखाली दोन दांड्या, एक स्पार्क पडायची वेळ पुढेमागे करायची आणि एक थ्रॉटलची, आणि गाडी चालू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारायचं. 1912 मधे कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर गाडीत दिला, त्यासोबत बॅटरी, डायनॅमो आणि इलेक्ट्रिक दिवे हे सगळं एकत्र आलं, आणि तिथून डॅशबोर्डवर स्विच जमायला लागले.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप मला या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. सहा व्होल्टची वायरिंग, स्टार्टर पायाने दाबायचा, डीपर पण पायाने. आणि दिव्यांचं बटण ओढायचं, पण त्यात एक खुबी होती: पहिल्यांदा ओढलं की फक्त मिणमिणते ब्लॅकआऊट दिवे लागायचे, पूर्ण हेडलाईट हवे असतील तर बाजूची लॉकची कळ दाबून धरायची आणि मगच बटण पुढे ओढायचं. रात्री शत्रूच्या टप्प्यात चुकून हेडलाईट लागू नयेत म्हणून केलेली सोय. चूक होऊच शकणार नाही असा स्विच कसा बनवायचा याचं इतकं साधं उदाहरण दुसरं नाही. याच जीपवरून महिंद्राचा गाड्यांचा धंदा मुंबईत सुरू झाला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांना ही भाषा अनोळखी नाही.

त्याच काळात विमानांत एक भयंकर प्रकार चालू होता. बी-17 बॉम्बरचे पायलट सुखरूप उतरायचे आणि धावपट्टीवर असतानाच फ्लॅपच्या (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या) ऐवजी चाकं आत घ्यायचा स्विच दाबायचे, की विमान पोटावर. दोष पायलटचा धरला जायचा. 1943 मधे अल्फाँस चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने बघितलं तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि हाताला एकसारखेच लागणारे. त्याने चाकांच्या स्विचला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा, आणि ती चूक बंद झाली. आज जो कोणी सहा सारखे रॉकर स्विच (घरातल्या दिव्याच्या बटणासारखे) ओळीने लावतो आणि अंधारात विंचच्या (अडकलेली गाडी ओढायच्या यंत्राच्या) जागी दुसरंच काहीतरी दाबतो त्याने हे वाचायलाच हवं.

विमानांतल्या टॉगल स्विचची, म्हणजे वरखाली करायच्या छोट्या दांडीच्या स्विचची, क्रेझ मग गाड्यांत शिरली. 1959 ची मिनी, 1961 ची जॅग्वार ई-टाईप, दोन्हींच्या डॅशबोर्डवर मधोमध टॉगल. दिसायला सुंदर, पण धडक झाली की तोच धातूचा दांडा गुडघ्यात नाहीतर तोंडात घुसणार. अमेरिकेत 1966 ला वाहन सुरक्षेचा कायदा झाला, 1968 पासून आतल्या भागांचे नियम लागू झाले आणि ई-टाईपचे टॉगल जाऊन चपटे रॉकर आले. 2001 ला बीएमडब्ल्यूने नवी मिनी काढली तेव्हा टॉगल परत आणले, पण प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या कड्या देऊन. म्हणून उघडे टॉगल लावायची हौस असेल तर शेजारी अशी कडी लावाच, ती नुसती शोभेची नाही.

आता करंटकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. जुन्या गाड्यांत बऱ्याच वेळा दिव्याचा पूर्ण करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जायचा. 55 वॅटचे दोन फॉगलॅम्प म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर, आणि तो सगळा करंट बॅटरीपासून केबिनमधे येऊन परत पुढे जाणार. वायर बारीक असेल तर गरम होते, स्विचचे पॉइंट जळतात, दिवा मंद लागतो. यावर उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच. स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवायची, तिला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि जड करंट बॉनेटमधल्या बॉनेटमधे फिरतो. रिलेखाली जे आकडे असतात ते जर्मन डिन स्टँडर्डचे आहेत: 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, 87 वरून दिव्याकडे, 85 आणि 86 म्हणजे कॉइलची दोन टोकं, त्यातलं एक स्विचला आणि दुसरं अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. आणि फ्यूज बॅटरीजवळच हवा, दिव्याजवळ नाही, नाहीतर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर पुण्यात नाना पेठेत रिलेसकट तयार हार्नेस (जोडून ठेवलेल्या वायरींचा संच) मिळतो, तो घेतला की हेडलाईटची वायर सोलून टेप गुंडाळायची वेळच येत नाही.

इथपर्यंत सगळं सोपं होतं, स्विच म्हणजे वायर जोडणं किंवा तोडणं. 1986 ला बॉशने कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावणारी सामाईक वायरजोडी, जगासमोर आणली, 1991 च्या मर्सिडीज एस-क्लासमधे ती आली आणि हळूहळू सगळ्याच गाड्यांत पसरली. आता बटण दिवा लावत नाही, ते कॉम्प्युटरला फक्त कळवतं आणि दिवा लावायचा की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो. काही गाड्यांत तर पाच-सहा बटणं एकाच वायरीवर असतात, प्रत्येकाचा रेझिस्टन्स वेगळा, त्यावरून कुठलं दाबलं ते ओळखलं जातं. अशा वायरीला मधेच फाटा मारला की भलतंच काहीतरी चालू होतं किंवा मीटरवर एरर येते. म्हणूनच डमी बटणाच्या जागी कंपनीचं ओरिजिनल बटण आणून बसवलं तरी बरेचदा कोडिंग केल्याशिवाय, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला त्या बटणाची ओळख करून दिल्याशिवाय, ते चालत नाही.

कंपन्यांनाही ही अडचण कळली. फोर्डने आपल्या मोठ्या पिकअपना अपफिटर स्विच दिले, म्हणजे आधीच वायर आणि फ्यूज असलेली मोकळी बटणं, त्यावर काय चालवायचं ते मालकाने ठरवायचं. 2018 च्या जीप रँगलरमधे असे चार स्विच ऑप्शन म्हणून आले, आणि दाबून सोडलं की बंद व्हावं का चालूच राहावं हे स्क्रीनवरून ठरवता येतं. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे, आपल्याकडच्या ऑफरोड गाड्यांना हा कारखान्यातूनच मिळायला हवा. बाकी बाहेरून लावणाऱ्यांमधे अमेरिकेतल्या कार्लिंग कंपनीचे कॉन्ट्युरा रॉकर चालतात, मूळ बोटींवर गाजलेले, साधारण 37 बाय 21 मिलिमीटरचं भोक लागतं आणि वरची चित्रवाली टोपी बदलता येते.

दुसरीकडे बटणंच काढून टाकायची लाट आली. 1986 च्या ब्युइक रिव्हिएरामधे टचस्क्रीन होता, लोकांना तो आवडला नाही आणि काही वर्षांत गेला. 2012 ला टेस्ला मॉडेल एस 17 इंची स्क्रीन घेऊन आली आणि मग सगळेच त्या मागे. 2022 ला एका स्वीडिश मासिकाने मोजून दाखवलं: 2005 च्या बटणवाल्या व्होल्वो व्ही70 मधे ठरलेली चार कामं 10 सेकंदांत झाली, एमजीच्या मार्व्हल आर या स्क्रीनवाल्या गाडीत जवळपास 45 सेकंद लागले. ताशी 110 च्या वेगात 45 सेकंद म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर रस्ता झाला.

गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने 2024 मधे जाहीर केलं की 2026 पासून पूर्ण रेटिंगसाठी इंडिकेटर, हझार्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएस (आणीबाणीत मदत बोलवायची) ही पाच कामं स्क्रीनच्या बाहेर असायला हवीत. फोक्सवॅगननेही आवाज, एसी आणि हझार्डची बटणं परत आणायचं ठरवलंय. त्या पाचात काचेवरचं धुकं काढायचा डिफॉगर मात्र नव्हता, आणि पावसाळ्यात घाटात समोरची काच एका झटक्यात पांढरी होते तेव्हा हाताला सगळ्यात आधी तेच बटण लागायला हवं असतं.