नोज आर्टची युद्धकालीन छायाचित्रे : संग्रह आणि ओळख

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमानांच्या नाकावर, म्हणजे वैमानिकाच्या खिडकीखालच्या पत्र्यावर, रंगवलेली चित्रे आणि नावे यांना नोज आर्ट म्हणतात. या चित्रांचे त्या काळी काढलेले फोटो जमवणे आणि फोटोतले विमान नेमके कोणते, कुठले, केव्हाचे हे ठरवणे हा विमान-इतिहासाच्या अभ्यासकांचा आणि हौशी संग्राहकांचा एक चिवट उद्योग आहे. चित्रावरचे नाव वाचले की ओळख पटली, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात नाव हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. विमान ठरते ते त्याच्या सीरियल क्रमांकावरून, आणि फोटो ओळखणे म्हणजे त्या क्रमांकापर्यंत पोहोचणे.

फोटोंना एवढे मोल येण्याचे कारण साधे आहे: मूळ चित्रे फारशी उरलीच नाहीत. युद्ध संपल्यावर अमेरिकेची हजारो बॉम्बर विमाने ॲरिझोनातील किंगमन, आर्कान्सातील वॉलनट रिज अशा ठिकाणी रांगेने उभी करण्यात आली आणि भट्टीत वितळवून त्यांच्या ॲल्युमिनियमच्या लाद्या पाडल्या गेल्या. पर्ल हार्बरनंतर बोईंगने बांधलेले पाच हजारावे बी-१७ बॉम्बर ‘फाइव्ह ग्रँड’ कारखान्यातल्या कामगारांच्या सह्यांनी भरलेले होते. तेही किंगमनलाच मोडीत गेले. वॉलनट रिजला भंगाराचे काम पाहणाऱ्या मिनॉट प्रॅट या व्यवस्थापकाने चांगली चित्रे असलेले पत्रे कुऱ्हाडीने कापून बाजूला काढायला लावले. त्यांचे कुंपण करायचे त्याच्या मनात होते. तसे तीसहून अधिक पत्रे वाचले आणि पुढे टेक्सासमधील कॉमेमोरेटिव्ह एअर फोर्स या संस्थेकडे आले. ब्रिटनमध्ये यॉर्कजवळच्या रॉक्लिफ येथे हॅलिफॅक्स विमाने मोडली जात असताना हॅरॉल्ड लिंडसे या कॅनेडियन अधिकाऱ्याने काही पत्रे मिळवून मायदेशी पाठवले; ते आज ओटावाच्या कॅनेडियन वॉर म्युझियममध्ये आहेत. १२८ मोहिमा केलेल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या हॅलिफॅक्सचे नाकावरचे चित्रच तेवढे ब्रिटिश हवाई दलाच्या आरएएफ म्युझियममध्ये उरले आहे. एवढे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे अपवाद सोडले, तर बाकी जवळजवळ सगळे नोज आर्ट आज फक्त कागदावर आणि फिल्मवर आहे.

विमानावर खूण रंगवण्याची चाल पहिल्या महायुद्धातली. इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे फेरारी मोटारीचे बोधचिन्ह झाला. पण या कलेला पूर आला तो १९४२ ते १९४५ या काळात, आणि तोही अमेरिकन बॉम्बर तळांवर. चित्रकार बहुधा तळावरचाच एखादा मेकॅनिक किंवा शिपाई असे. इंग्लंडमधील बॅसिंगबोर्न येथे ९१ व्या बॉम्ब ग्रुपमध्ये कॉर्पोरल टोनी स्टार्सर याने शंभराहून अधिक विमाने रंगवली. सर्वांत प्रसिद्ध ‘मेम्फिस बेल’ त्याच्याच हातची. त्यातली तरुणी ‘एस्क्वायर’ मासिकात आलेल्या जॉर्ज पेटीच्या चित्रावरून घेतलेली आहे. इंग्लंडमधीलच सडबरीच्या तळावर फिल ब्रिंकमन याने एका स्क्वॉड्रनच्या बी-२४ विमानांवर बारा राशी रंगवल्या, तर पॅसिफिकमध्ये सार्किस बार्टिजियन याचे ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ नाकापासून मागे अख्ख्या विमानभर पसरले होते. चित्रांत अर्धनग्न आणि नग्न स्त्रिया भरपूर आहेत. घरापासून आणि वरिष्ठांपासून तळ जितका दूर, तितकी मोकळीक जास्त. १९४५ मध्ये पॅसिफिकमधील मारियाना बेटांवर ७३ व्या बॉम्ब विंगने अशी चित्रे पुसायला लावून त्याजागी चेंडू आणि भाल्याचे एकसारखे चिन्ह दिले. त्यामुळे एकाच विमानाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन वेगळे चेहरे फोटोंत दिसतात. काही संग्राहक नग्न चित्रांचे फोटो संग्रहातून वगळतात. तसे करू नये. त्याने नोंद अपुरी राहते.

हे फोटो तीन वाटांनी आपल्यापर्यंत येतात. पहिली सरकारी: लष्करी छायाचित्रकारांनी काढलेले, मागे निगेटिव्हचा क्रमांक आणि टंकलिखित मजकूर असलेले. यांचा मोठा साठा मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दुसरी वाट अभ्यासकांच्या संग्रहांची. एसेक्समधील शेतकरी आणि इतिहासकार रॉजर फ्रीमन (१९२८–२००५) लहानपणी आपल्या भागातल्या तळांवर अमेरिकन विमाने पाहत वाढला आणि पुढे आयुष्यभर त्यांचे फोटो गोळा करत राहिला. त्याचा सुमारे १५ हजार चित्रांचा संग्रह आता डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियमकडे आहे. तिसरी वाट घरगुती अल्बमची, आणि खरी कोडी तिथेच असतात.

अल्बममधला फोटो हातात आला की आधी तो उलटा करावा. कागदावर ‘वेलॉक्स’ असे फिकट छापलेले दिसले, तर तो कोडॅकच्या कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापात छापण्याच्या) कागदावरचा आहे. पेन्सिलीने लिहिलेले नाव, सेन्सॉरचा शिक्का, अल्बमच्या काळ्या पानाचा चिकटलेला तुकडा हे सगळे पुराव्यातच मोडते. काळे पान खरवडून काढणाऱ्याच्या हातून पेन्सिलीची अक्षरेही जातात. म्हणून अल्बम फोडून एकेक फोटो विकण्याची बाजारातली रीत या विषयाची मोठी हानी करते. शेजारच्या पानावरच्या फोटोत तळाची पाटी असते, चार पाने पुढे त्याच क्रूचा गट उभा असतो. पाने सुटी झाली की हा धागा तुटतो.

अल्बमवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. तळावरच्या फोटो लॅबमध्ये लोकप्रिय चित्रांचे संच छापले जात आणि सैनिक ते विकत घेत किंवा आपसांत वाटत. त्यामुळे एकच फोटो डझनभर घरांत सापडतो. आजोबांच्या अल्बममध्ये आहे म्हणजे आजोबा त्या विमानातून उडाले होते, असे होत नाही. कुटुंबीयांना हे सांगणे जड जाते, पण सांगावे लागते.

आता फोटोची पुढची बाजू. दहापट मोठे करणारे भिंग घेऊन वैमानिकाच्या खिडकीखाली डाव्या बाजूला पाहावे. तिथे बोटाएवढ्या उंचीच्या स्टेन्सिल अक्षरांच्या तीन-चार ओळी असतात: विमानाचा प्रकार, कारखान्याची खूण आणि सीरियल क्रमांक. ‘शू शू शू बेबी’ या बी-१७ च्या त्या ओळींत ‘बी-१७ जी-३५-बीओ’ आणि ‘४२-३२०७६’ असे होते. ‘बीओ’ म्हणजे बोईंगचा सिॲटल कारखाना. या ओळी वाचता आल्या तर काम संपलेच. बहुतेक वेळा मात्र त्यांच्यावरच रंग चढलेला असतो किंवा क्रूमधला एखादा नेमका त्यांच्यासमोर हसत उभा असतो. मग शेपटी दिसणारा दुसरा फोटो शोधायचा. शेपटीच्या उभ्या पंखावर सीरियल क्रमांक मोठ्या आकड्यांत असतो, पण वर्षाचा पहिला आकडा गाळून: ४१-२४४८५ हे ‘मेम्फिस बेल’ तिथे १२४४८५ असे दिसते. शिवाय अंगावर स्क्वॉड्रनची अक्षरे ‘डीएफ’, विमानाचे अक्षर ‘ए’ आणि शेपटीवर त्रिकोणातला ‘ए’ ही ९१ व्या ग्रुपची खूण. ब्रिटिश विमानांत सीरियल शेपटीजवळ बाजूवर असतो आणि मोठी संकेताक्षरे तुकडीगणिक बदलतात. आर५८६८ हे लँकेस्टर बॉम्बर ८३ व्या स्क्वॉड्रनमध्ये ‘ओएल-क्यू’ होते, ऑस्ट्रेलियन ४६७ व्या स्क्वॉड्रनमध्ये गेल्यावर ‘पीओ-एस’ झाले. अक्षरे वेगळी, विमान तेच.

क्वचित नावच क्रमांक सांगते. ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-१७ असे ओळखले जाई कारण त्याचा सीरियल ४२-३१९०९, शेवटचे तीन आकडे ९०९. अशी मेहेरबानी नेहमी होत नाही. ‘लेडी लक’, ‘शेडी लेडी’ यांसारखी नावे अनेक विमानांवर होती. ‘हेल्स एंजल्स’ हे मोल्सवर्थच्या ३०३ व्या ग्रुपमधील बी-१७ चे नाव, आणि चीन-ब्रह्मदेशातल्या फ्लाइंग टायगर्स या अमेरिकन स्वयंसेवक लढाऊ दलाच्या एका स्क्वॉड्रनचेही.

क्रमांक मिळाला की पुढचे दार उघडते. प्रत्येक अमेरिकन विमानाच्या हालचालींचे कार्ड ठेवले जाई, आणि परत न आलेल्या विमानासाठी १९४३ पासून बेपत्ता क्रूचा अहवाल लिहिला जाई. त्यात विमानातल्या सगळ्यांची नावे, हुद्दे आणि इंजिनांचे क्रमांकसुद्धा असतात. फोटोत शिडीवर उभा असलेला अनाम पोरगा इथे नावाने भेटतो.

फोटोची तारीख ठरवायला पंखावरचे आणि अंगावरचे राष्ट्रचिन्ह उपयोगी पडते. मे १९४२ मध्ये पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला गेला, जून १९४३ च्या अखेरीस दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि लाल किनार आली, काही आठवड्यांनी ऑगस्टमध्ये लाल किनारीऐवजी निळी करण्याचा हुकूम निघाला. तळावर रंगवायला उशीर होई, म्हणून या तारखांवरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच ठामपणे म्हणता येते. बी-१७ च्या हनुवटीखाली बंदुकीचा टरेट (फिरता बुरूज) असेल तर बहुधा जी प्रकार, नसेल तर एफ किंवा त्याआधीचा. हिरवट रंगाऐवजी उघडा चकचकीत पत्रा असेल तर फोटो बहुधा १९४४ चा किंवा नंतरचा. त्यातही उत्तम घड्याळ म्हणजे मोहिमांच्या खुणा. नाकावर ओळीने रंगवलेले छोटे बॉम्ब मोजावेत: एका फोटोत १४ आणि दुसऱ्यात २१ असतील तर कोणता आधीचा हे उघड आहे, आणि तुकडीच्या मोहिमांच्या यादीशी ताडून आठवडासुद्धा सांगता येतो. ‘शू शू बेबी’ मध्ये आधी दोनच ‘शू’ होते, तिसरा पुढे जोडला गेला. तेव्हा नुसते शब्द मोजूनही फोटोचा क्रम लागतो.

रंगाच्या बाबतीत काळे-पांढरे फोटो फसवतात. त्या काळची कोडॅकची घरगुती फिल्म ‘व्हेरिक्रोम’ ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल जवळजवळ काळा आणि निळा फिका उमटे. ‘मेम्फिस बेल’च्या डाव्या बाजूची तरुणी निळ्या पोशाखात आहे आणि उजव्या बाजूची लाल. अशा फिल्मवर या दोघी अगदी वेगळ्या दिसतील. फोटो पाहून रंग भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. निगेटिव्ह उलटी छापली गेल्याचेही अनेक नमुने आहेत. तिथे अक्षरे नसतील तर पंखावर पाहावे: अमेरिकन तारा वरून फक्त डाव्या पंखावर असे.

चित्र केव्हा रंगवले हा प्रश्न किती महत्त्वाचा ठरू शकतो ते नागासाकीच्या विमानावरून दिसते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी चार्ल्स स्वीनी आणि त्याच्या क्रूने आपले नेहमीचे ‘द ग्रेट आर्टिस्ट’ सोडून फ्रेडरिक बॉक याचे विमान नेले. त्यावर तेव्हा नाव रंगवलेले नव्हते, आणि बॉम्ब ‘द ग्रेट आर्टिस्ट’ने टाकला अशी बातमी छापली गेली. ‘बॉक्सकार’ हे नाव आणि सॉल्ट लेकहून नागासाकीकडे धावणारा मालगाडीचा डबा हे चित्र नंतरचे. त्यामुळे हे चित्र दिसणारा कोणताही फोटो ‘उड्डाणापूर्वीचा’ असू शकत नाही, मथळा काहीही म्हणो. उलट ‘एनोला गे’ हे पॉल टिबेट्सच्या आईचे नाव ५ ऑगस्टला, हिरोशिमाच्या आदल्या दिवशी, मारियानातील टिनियन बेटावर रंगवले गेले होते.

या फोटोंचा एक मोठा गठ्ठा भारतातला आहे. सातव्या बॉम्ब ग्रुपची बी-२४ विमाने बंगालमधील पांडवेश्वरहून ब्रह्मदेशावर जात. १९४४ मध्ये बी-२९ विमाने चाकुलिया, पियारडोबा, दूधकुंडी आणि खडगपूरच्या परिसरात आली, आणि ५ जून १९४४ ची त्यांची पहिली लढाऊ मोहीम याच तळांवरून बँकॉकवर गेली. त्यांचे मुख्यालय हिजलीच्या बंदिशाळेच्या इमारतीत होते. तिथे १९५१ मध्ये आयआयटी खडगपूर सुरू झाले. या बी-२९ च्या नाकावर बॉम्बच्या शेजारी उंट रंगवलेले दिसतात. हिमालय ओलांडून चीनमध्ये इंधन आणि सामान पोहोचवण्याच्या प्रत्येक फेरीला एक उंट. फोटोत उंट दिसला की विमानाने काही दिवस भारतातल्या या तळांवर काढले आहेत हे नक्की, मग फोटो पुढे मारियानात काढलेला का असेना. त्याच वाटेवर चीनमधील कुनमिंगहून आसाममधील चाबुआकडे येताना २५ जानेवारी १९४४ रोजी आठ जणांसह नाहीसे झालेले ‘हॉट ॲज हेल’ हे बी-२४ अरुणाचलात दामरोहजवळच्या डोंगरात सापडले ते २००६ मध्ये.

युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर (म्हणजे बी-२४) विमाने दुरुस्त करून भारतीय हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. पुण्यात १९५१ साली पुन्हा उभे राहिलेले सहावे स्क्वॉड्रन याच विमानांवर सुरू झाले. जगातली आजची बरीच लिबरेटर त्यामुळेच वाचली, आणि ओळखणाऱ्यांपुढे एक नवा घोळ उभा राहिला. ॲरिझोनातील पिमा संग्रहालयातले भारतीय एचई८७७ आज ‘बंगे बकारू’च्या चित्रासह उभे आहे. कानपूरला वाचलेले ४४-४४०५२ अमेरिकेत आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’, मग १३० मोहिमा केलेले ‘विचक्राफ्ट’ म्हणून रंगवले गेले. अशा विमानाच्या फोटोत चित्र एका विमानाचे आणि सांगाडा दुसऱ्याचा असतो. त्यामुळे मथळ्यात दोन्ही क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे: आधी सांगाड्याचा, मग चित्र ज्याचे त्याचा.