वॉटरप्रूफिंग सांगण्यापूर्वी : भिंतीवरचे पाणी गळतीचे की हवेतले?

पावसाळ्यात ‘भिंतीला पाणी सुटले आहे, लगेच वॉटरप्रूफिंग करून द्या’ असे फोन आमच्याकडे सतत येतात. त्यांपैकी काही घरांत गळती नसतेच. ते पाणी हवेतल्या बाष्पाचे असते. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये अशी हवा नेहमीचीच आहे. शयनगृहातला एसी रात्रभर २० अंशांवर चालला, की त्याला लागून असलेली दिवाणखान्याची भिंत थंड पडते आणि पाणी दिसते ते दिवाणखान्याच्या बाजूला. अशा वेळी भिंत सुकावी म्हणून खिडक्या उघडल्या, तर बाहेरची दमट हवा आत येऊन ओल वाढतेच.

आमची कळकळीची विनंती एकच आहे : पाहणी होण्यापूर्वी त्या जागी पुट्टी किंवा ऑइल पेंट लावू नये. गळतीच्या डागाला बहुधा पिवळसर कड असते, लोणा (क्षाराची पांढरट पूड) धरतो, पोपडे सुटतात. दवाची ओल मोठ्या भागावर सारखी पसरते आणि कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी येते. रंग दिला की या सगळ्या खुणा झाकल्या जातात, आणि आत खरोखर गळती असेल, तर महिन्या-दोन महिन्यांत तोच रंग फुगून सुटतो.

आम्ही फोनवर दर सांगत नाही आणि पाहणीचे शुल्क घेतो, याबद्दल काहींची नाराजी असते. परंतु ओल्या जागेवर अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून, एसी नेहमीसारखा चालू ठेवून, दोन दिवस वाट पाहिल्याशिवाय खात्रीने काही सांगता येत नाही. पाणी फॉइलच्या बाहेरच्या बाजूवर आले, तर ते हवेतले; मागे आले, तर भिंतीतले. हवेतले असल्यास एसी २६ अंशांवर ठेवणे, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावणे, घरात कपडे न वाळवणे आणि कपाट भिंतीपासून थोडे पुढे घेणे एवढ्यानेही बराच फरक पडतो, आणि तसे आम्ही स्पष्ट सांगतो. काम आमच्याकडे दिल्यास पाहणीचे शुल्क बिलातून वजा केले जाते.

फोन करताना डाग पाऊस पडल्यावर वाढतो की एसी चालल्यावर, एवढे मात्र पाहून ठेवावे.