मेंदूविना चालणारा ‘चंगीझ’

नाचणाऱ्या यंत्रमानवाची चित्रफीत पसरली, की ‘आता यंत्रांना बुद्धी आली’ अशी चर्चा सुरू होते. आधी सगळा विचार करून मग हातपाय हलवणारा एक मोठा संगणक यंत्राच्या आत बसलेला असतो, ही त्यामागची समजूत. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे १९५४ साली जन्मलेले यंत्रमानव-संशोधक रॉडनी ब्रुक्स यांनी तिलाच आव्हान दिले.

स्टॅनफर्डला शिकत असताना त्यांनी तिथले संशोधक हान्स मोरावेक यांची कॅमेरा लावलेली, स्वतःच मार्ग शोधणारी गाडी जवळून पाहिली होती. खुर्च्या मांडलेली खोली ओलांडायला १९७९ मध्ये तिला सुमारे पाच तास लागले, कारण दर मीटरभर अंतरानंतर ती थांबून चित्रे घेई आणि पुढचा मार्ग आखत बसे. झुरळाला यातले काहीच गणित येत नाही, तरी ते चपलेखालून निसटते.

पुढे एमआयटी या अमेरिकी संस्थेत ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये थरांची रचना, म्हणजे साध्या वागणुकींचे थर एकावर एक चढवण्याची पद्धत, मांडली, आणि तिचे सर्वांत देखणे रूप म्हणजे १९८९ चा, जेमतेम किलोभर वजनाचा, सहा पायांचा यंत्रमानव ‘चंगीझ’. त्यात मध्यवर्ती नियंत्रक नव्हता. होती ती ५७ छोट्या स्वयंचलित यंत्रणांची जाळी, आणि प्रत्येकीला एकच काम. पाय उचललेला असेल तर एक यंत्रणा तो पुढे झुलवते. एक पाय पुढे गेला, की दुसरी यंत्रणा सगळ्या पायांच्या कोनांची बेरीज शून्याकडे आणण्यासाठी त्यांना किंचित मागे रेटते, त्यामुळे जमिनीवर टेकलेले पाय यंत्राचे धड पुढे ढकलतात. तिसरी वर राहिलेला पाय खाली टेकवते. आता ठरावीक क्रमाने पाय उचलण्याची आज्ञा तेवढी द्यायची, चालणे आपोआप घडते! त्यावरचा थर ही आज्ञा दाबून ठेवतो आणि समोर उष्ण शरीराची हालचाल जाणवली तरच सोडतो. पाहणाऱ्याला मात्र चंगीझ दबा धरून शिकार करतो आहे असेच वाटते.

ब्रुक्स यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये स्थापलेल्या आयरोबोट कंपनीचा २००२ चा ‘रूम्बा’ हा केर काढणारा यंत्रमानवही सुरुवातीला घराचा नकाशा न ठेवता गोल फिरून, भिंतीकडेने जाऊन आणि धडकला की वळून काम उरकत असे. त्यांची पुढची कंपनी, रीथिंक रोबोटिक्स, मात्र २०१८ मध्ये बंद पडली.

त्याच वर्षी १ जानेवारीला त्यांनी स्वयंचलित मोटारी, यंत्रमानव आणि अवकाशप्रवास यांविषयीचे अंदाज तारखांसह जाहीर केले. राशिभविष्य छापणारे जे कधीच करत नाहीत ते ब्रुक्स दरवर्षी करतात : कोणता अंदाज खरा ठरला आणि कोणता चुकला, याचा हिशेब स्वतःच मांडतात. हा हिशेब २०५० पर्यंत चालवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तेव्हा ते ९५ वर्षांचे असतील.