छोट्या पिस्तुलाचा शस्त्र परवाना: कोणाला मिळतो, कोणते कागद लागतात

सोबत बाळगायला लहानसं पिस्तूल कोणतं घ्यावं, असं विचारणारे बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. मॉडेल ठरलेलं असतं, वजन तोंडपाठ असतं, आणि अर्ज कुठे करायचा हेच माहीत नसतं. भारतात क्रम उलटा आहे. आधी परवाना, मग त्यावर लिहिलेल्या प्रकारात बसणारं शस्त्र. परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ ठेवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे.

निवडीला मुळातच फार वाव नाही, हे आधी सांगून टाकतो. परदेशी सिनेमांत दिसणारी ९ मिमीची छोटी पिस्तुलं सामान्य नागरिकाच्या वाट्याला येत नाहीत, कारण तो बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, प्रतिबंधित गटात, म्हणजे बोलीत 'पीबी'त मोडतो. त्याचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाही. सर्वसाधारण अर्जदारासाठी उरतो तो 'एनपीबी', म्हणजे अप्रतिबंधित बोअर. आणि हातात धरायच्या शस्त्रात त्याचा अर्थ मुख्यतः .३२ आणि .२२ इंच. सरकारी कारखान्यातून २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' हे साधारण अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर .३२ चं आहे. त्याहून हलकं 'निडर' .२२ चं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि .३२ चं पिस्तूल यांची काडतुसं एक नसतात. पिस्तुलाचं काडतूस आखूड आणि रिव्हॉल्व्हरचं लांब असतं. म्हणून अर्जात आणि पुढे परवान्यावर नुसतं '.३२' नको, पिस्तूल की रिव्हॉल्व्हर तेही स्पष्ट असावं.

अर्ज कुठे करायचा, तर जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तालयाच्या परवाना शाखेत. मुंबई, पुणे, नागपूर ही त्यातलीच. बाकी ठिकाणी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली गृह शाखा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे व्यक्तीचा अर्ज फॉर्म ए-१ मध्ये असतो, आणि मंजूर झालेला परवाना फॉर्म ३ मध्ये मिळतो.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत, पण सूट देणाऱ्या नाहीत. वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेली असेल, तर ती संपल्यापासून पाच वर्षं थांबावं लागतं. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र चालू असेल, म्हणजे ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो तीत बॉन्ड लिहून दिला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत परवाना नाही. मनोविकारामुळे शस्त्र बाळगण्यास अयोग्य ठरलेल्या व्यक्तीलाही नाही. दुसरीकडे, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. 'शेती किती आहे, बंगला आहे का' या चौकशीने दबून जाण्याचं कारण नाही.

खरी अडचण 'गरज' या शब्दापाशी येते. नियम म्हणतो की धंदा, व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीविताच्या वा मालमत्तेच्या रक्षणाची खरीखुरी गरज असलेल्या माणसाचा अर्ज विचारात घेता येतो. 'येतो', 'घ्यावाच' नव्हे. शस्त्र परवाना हा मूलभूत हक्क नाही, असं उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. मग कारणाच्या रकान्यात 'स्वसंरक्षणार्थ' हा एकच शब्द लिहून काय साधणार? सगळेच तो लिहितात. सराफाने रोज संध्याकाळी माल कुठून कुठे न्यावा लागतो ते लिहावं. पेट्रोल पंपवाल्याने रोकड बँकेत भरण्याचा प्रकार आणि वेळ सांगावी. वस्तीपासून लांब राहणाऱ्याने घर आणि पोलीस ठाणं यांतलं अंतर द्यावं. धमकी आली असेल तर तेव्हाच तक्रार केली होती का, हा प्रश्न नक्की विचारला जाईल. म्हणून एफआयआरची किंवा निदान एनसीची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीची, प्रत जोडा. तक्रार कधीच केली नाही आणि आता अचानक जीवाला धोका आहे, हे अधिकाऱ्याला पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पटत नाही. प्रतिष्ठेसाठी, लग्नाच्या वरातीत मिरवण्यासाठी परवाना हवा असेल तर तो विचार सोडून द्या. आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदपत्रं जमवताना पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा ही सुरुवात. आधार नसेल तर तसं लेखी देऊन पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा पॅन चालतं. व्यवसायाच्या कारणाने अर्ज असेल तर त्या व्यवसायाचे दाखले. आयकर विवरणपत्रंही बहुतेक ठिकाणी मागतात. यापुढचे तीन कागद मात्र शेवटच्या आठवड्यात होत नाहीत. पहिला, शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, फॉर्म एस-१. ते मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडूनच हवं. दुसरा, शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, एस-२. तिसरा, शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, एस-३. एस-२ लोक सही करून विसरतात. पण पोलीस घरी येऊन कपाट कुठे आहे, कुलूप कसलं आहे, घरात लहान मुलं आहेत का हे पाहू शकतात. तेव्हा उशीखाली ठेवण्याचा बेत असेल तर आधीच बदला.

फॉर्ममध्ये खटल्यांविषयी विचारलेलं असतं. जुनी, किरकोळ वाटणारी केस असली तरी लिहा. लपवलेली माहिती पुढे उघड झाली तर तेवढ्यावर मिळालेला परवानाही रद्द होऊ शकतो. लिहिलेल्या केसचं स्पष्टीकरण तरी देता येतं.

अर्ज दाखल झाला की तो तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. तिथे जबाब होतो, शेजारीपाजारी चौकशी होते, गुन्हे अभिलेख तपासला जातो. नियमाप्रमाणे हा अहवाल ३० दिवसांत जायला हवा, आणि अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका. फक्त अर्जाची पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवा, म्हणजे पाठपुराव्याला तोंड राहतं. नकार आला तर त्याची कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मागितल्यावर ती थोडक्यात द्यावीही लागतात. सार्वजनिक हिताच्या कारणाने मात्र ती राखून ठेवता येतात. त्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं.

परवाना हातात आला की आधी दोन गोष्टी वाचा: यूआयएन म्हणजे राष्ट्रीय माहितीसंग्रहातला तुमचा क्रमांक, आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे. एका क्षेत्राच्या परवान्यावर त्याबाहेर शस्त्र नेता येत नाही. क्षेत्र वाढवायचं तर वेगळा अर्ज आणि वेगळं कारण. मग परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडून खरेदी, नोंद, आणि ठरलेल्या मुदतीत परवाना देणाऱ्या कार्यालयाला शस्त्र दाखवणं. काडतुसं किती घ्यायची याची मर्यादाही परवान्यावरच असते. एका व्यक्तीकडे आता दोनच अग्निशस्त्रं राहू शकतात; आधी तीन चालत.

आता 'खिशातलं पिस्तूल' या कल्पनेबद्दल. सार्वजनिक जागी ते नुसतं खिशात टाकून फिरता येत नाही. नियम होल्स्टर किंवा तशाच खास पिशवीची अट घालतो. शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. बाहेर काढून दाखवणं, रोखणं मना आहे. त्यामुळे होल्स्टर कमरेला दिवसभर सोसवेल का, शर्टाखाली झाकेल का, हा प्रश्न नळीच्या लांबीआधी येतो. निवडणुका आल्या की हे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस बहुधा येणार, हेही गृहीत धरा. जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. पाच वर्षं म्हणजे तारीख विसरायला पुरेसा काळ. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. मुदत उलटून गेली आणि अर्जही नाही, तर कपाटातलं तेच शस्त्र बेकायदा ठरतं. अशा वेळी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मगच कार्यालयाची पायरी चढा.